हरीकाकांच्या वाडीचा हिरवा

हिरवा रंग मारण्यात माझा हात कुणी धरणार नाही. ही बढाई नव्हे, हा माझा धंदा आहे. मी माणसांचे फोटो काढते आणि मग घरी येऊन ते रंगवते. स्क्रीनवर प्रत्येक रंगाची एक पट्टी असते, तिच्यावर एक ठिपका असतो. हिरव्याचा ठिपका डावीकडे ओढला की मागची झाडं, गवत, शेवाळलेली भिंत, सगळं मुकाट्याने मातकट होतं आणि माणसाचा चेहरा पुढे येतो. वसईपासून विरारपर्यंत लोक आता याला माझी स्टाईल म्हणतात, आणि मीही ते नाकारत नाही.

नायगावला आमच्या अठराव्या मजल्याच्या खिडकीतून खाडीकडची उरलीसुरली भातशेतं दिसतात. ऑक्टोबर अर्धा सरला की ती हळूहळू पिवळी होतात. पावसाने धुतलेली हवा अजून स्वच्छ असते, चार वाजता ऊन तिरपं होतं, आणि त्या उन्हात कुणालाही उभं करा, माणूस बरा दिसतो. मग माझा फोन वाजायला लागतो. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त निघालेले असतात आणि सगळ्यांना त्याआधी फोटो हवे असतात. "ताई, तो तुमचा ब्राऊन टोन हां, तोच पाहिजे." मी हो म्हणते, तारीख देते, दागिने कमी घाला म्हणून सांगते. परवा मात्र एका मुलीने विचारलं, "केळीच्या वाडीत करू या का शूट?" आणि मी तारीख द्यायच्या आधी विचारलं, "वाडी कुणाची आहे?"

का विचारलं ते पुढे येईलच. आधी हे सांगायला हवं की हा मातकट रंग मी फॅशन म्हणून उचललेला नाही. मी वाढले विरारला. तेव्हा स्टेशनजवळच्या स्टुडिओत निळ्या पडद्यासमोर स्टुलावर बसवायचे, हनुवटी दोन बोटांनी वर करायचे आणि आठ दिवसांनी पाकिटातून कुणीतरी भलतीच गोरीपान मुलगी हातात द्यायचे. दहावीच्या परीक्षेच्या फॉर्मवर माझा असाच फोटो लागला. परीक्षेच्या वर्गात बाई एकदा हॉलतिकिटाकडे बघत आणि एकदा माझ्याकडे. तिसऱ्यांदा बघितल्यावर त्यांनी विचारलं, "ही तूच का?" सगळा वर्ग हसला. मी बीजगणिताचा पेपर घाम पुसत लिहिला आणि त्याच दिवशी मनाशी ठरवलं की मोठेपणी मी कुणालाही गोरं करणार नाही.

तो शब्द मी पाळलाय. सावळ्याला सावळं ठेवायचं. डोळ्यांखालच्या रेषा थोड्या हलक्या करायच्या, पुसायच्या नाहीत. तीळ, व्रण, लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याची खूण यांना हात लावायचा नाही. मुरूम मात्र काढायचे, ते आठवड्याचे पाहुणे असतात. कातडीचा खरा रंग राखायचा तर आसपासच्या हिरव्याला दाबावंच लागतं, कारण हिरव्यातला उजेड तोंडावर येतो आणि चांगली धट्टीकट्टी मुलगी कावीळ झाल्यासारखी दिसते. आमच्या या भागात बाराही महिने कुठे ना कुठे हिरवं असतंच. चिंचोटीच्या ओढ्याजवळ भर पावसात काढलेले फोटो मी एकदा घरी येऊन उघडले, तर नवरा-नवरी दोघं पालेभाजीच्या जुडीतून डोकावताहेत असं वाटत होतं. तेव्हापासून माझं पहिलं काम हिरवा मारणं. चेहऱ्यासाठी मी झाडांचा बळी देते, आणि त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

मग नयना आली. भुईगावची, बँकेत नोकरीला, बोलायला फटकळ. लग्न ठरलं होतं आणि तिला नवऱ्यासोबतचे नेहमीचे फोटो नको होते. "ते सगळेच काढतात गं ताई. मला बाबांबरोबरचा एक पाहिजे. वाडीत. सासरी भिंतीवर लावायला."

भुईगावची ती गल्ली इतकी अरुंद की रिक्षा दोन्हीकडच्या जास्वंदीला घासत जाते. शेवटाला हरीकाकांचं, म्हणजे नयनाच्या बाबांचं घर, घरामागे बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं छोटं तळं, आणि त्याच्या पलीकडे केळी. आत शिरलं की अंगावर गारवा येतो. ओल्या मातीचा, कुजलेल्या सोपांचा म्हणजे केळीच्या खोडावरच्या सालींचा, कुठूनतरी येणाऱ्या चाफ्याचा वास एकमेकांत मिसळलेला. वर पानांचं छप्पर, त्यातून गाळून येणारा उजेड. मी कॅमेऱ्यातून बघितलं आणि मनात म्हटलं, बाई गं, इथे तर तोंडं दुधी भोपळ्यासारखी हिरवी येणार.

हरीकाका इस्त्रीचा शर्ट घालून अवघडून उभे होते. नयनाने त्यांच्या दंडाला धरलं होतं. मी म्हटलं, "काका, इकडे बघा." ते मागे वळून एका केळीकडे बघत राहिले.

"ही येते ना फोटोत?" त्यांनी विचारलं. "राजेळी हाय. हिची पानं वरपर्यंत आली पायजेत. कापू नको."

"बाबा, फोटो आपला आहे, केळीचा नाही."

"माझ्या मागं दुसरं काय उभं करशील? हीच हाय ना."

मी पानं वरपर्यंत घेतली. त्या माणसाचं त्या झाडाशी काय आहे हे मला तेव्हा अर्धंच कळलं होतं. राजेळी ही उंच, लांब फळाची केळ, आमच्याकडची सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली गोड केळी, तिचीच होतात. पण ती आता थोड्याच वाड्यांत उरलीय. केळीच्या बुडाशी जी पिल्लं फुटतात त्यांना मुनवे म्हणतात. ते खणून दुसरीकडे लावले की नवी केळ उभी राहते. पाऊस सरला की आजूबाजूचे बागायतदार हरीकाकांकडे मुनव्यांसाठी येत. हरीचा मुनवा म्हणजे निरोगी मुनवा, अशी त्यांची ख्याती होती. त्यावर घर चालत नसावं, घर नयनाच्या आणि तिच्या भावाच्या पगारावर चालत होतं. पण संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या हरीकाकांकडे लोक ज्या आदराने बघत, तो मात्र सगळा त्या मुनव्यांचा होता.

फोटो फार सुंदर आला. आजही मी तो माझ्या चांगल्या दहा फोटोंत धरते. मी सवयीने हिरवा डावीकडे ओढला, पिवळ्याला तपकिरीकडे ढकललं, सावल्या जरा उबदार केल्या. हरीकाकांच्या कपाळावरच्या आठ्या उन्हात नांगरलेल्या दिसत होत्या आणि नयनाचा सावळा गाल खणखणीत तिचा होता. मागची वाडी एखाद्या जुन्या, घडी घातलेल्या कागदासारखी मऊ तपकिरी झाली होती. नयनाने तो बघितला आणि मला मिठीच मारली. त्याच दिवशी तो तिच्या स्टेटसला गेला, मग नातेवाइकांच्या ग्रुपवर, मग गावाच्या, मग बागायतदारांच्या.

पाचव्या दिवशी नयनाचा फोन आला. तिचा नेहमीचा फटकळ आवाज नव्हता. "ताई, येऊन जाशील का? बाबा कुणाशी बोलत नाहीयेत."

मी गेले तेव्हा काका ओट्यावर बसले होते आणि बाजूला नयनाचा मोबाईल उघडा पडला होता. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. "ह्यात माझी वाडी मेलीय," ते म्हणाले.

मला आधी समजेना. मग त्यांनी बोटाने एकेक पान दाखवलं. कडा तपकिरी, मधे पिवळट, देठाकडे करडं. केळीवर करपा नावाचा रोग पडतो तेव्हा पानं नेमकी अशीच होतात. आणि तो पडतो नेमका याच दिवसांत, पावसाच्या ओलीनंतर. मी प्रकाश साधला होता, चेहरे साधले होते, आणि सोबत एका बागायतदाराच्या वाडीवर फैलावलेला करपाही अगदी हुबेहूब साधला होता. फोटो बघणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने तो ओळखला. आमच्या सोसायटीतल्या कुणालाही त्यात उबदारपणा दिसला असता. त्यांना रोग दिसला.

"काका, ही स्टाईल आहे," मी म्हटलं. आवाज जितका ठाम ठेवता येईल तितका ठेवला. "फोटो जुना वाटावा, म्हणून."

"वाडी जुनी वाटून काय करू मी?"

नयना म्हणाली, "पास्कलकाकांनी निरोप पाठवला. यंदा मुनवे नको म्हणाले. दुसरीकडून आणतील."

पास्कलकाका चार वाड्या सोडून राहायचे. ते आणि हरीकाका शाळेत एका बाकावर बसलेले. नाताळात त्यांच्याकडून करंज्या आणि केक यायचा, दिवाळीत इकडून फराळ जायचा, आणि दर साली पहिले मुनवे पास्कलकाकांचे, हे ठरलेलं. बाकीच्या कुणी पाठ फिरवली असती तर हरीकाकांनी दोन शिव्या दिल्या असत्या. पास्कलकाकांनी समोर येऊन विचारलंही नाही, हे त्यांना लागलं होतं.

"मी सांगते त्यांना जाऊन," मी म्हटलं.

"कोनी कोनाकडं जायचं नाय," काका म्हणाले. "माझी वाडी चांगली हाय हे मी घरोघर सांगत फिरू?"

मला लाज वाटली. साध्या, सरळ शब्दांत तीच गोष्ट. माझ्या एका ठिपक्याने एका माणसाचं नाव खाली आणलं होतं. पण मी हातपाय गाळणाऱ्यांतली नाही. मूळ फाईल माझ्याकडे होती, आणि तिच्यात कॅमेऱ्याने टिपलेला प्रत्येक रंग शाबूत असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप घेऊन मी सरळ वाडीत गेले, बावखलाच्या काठी स्टूल टाकलं आणि काकांना बाजूला बसवलं.

ती सकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. मी हिरवा परत आणला. आणला तर दोघांची तोंडंही हिरवी झाली.

"ई! हे काय, मी आजारी आहे का?" नयना किंचाळली.

"असू दे हिरवं," काका म्हणाले. "वाडीत उभी हायस तर हिरवी दिसनारच."

"बाबा, ते सासरी लावायचंय!"

मग मी चेहरे वेगळे केले आणि पानं वेगळी. चेहऱ्यांना त्यांचा रंग दिला आणि फक्त पानांवर काम सुरू केलं. काकांनी उठून एक पान फाडून आणलं आणि स्क्रीनच्या बाजूला धरलं. "हा नाय. हा तर पोपट झाला." मी कमी केला. "आता पानी कमी पडलंय असं वाटतं." मी जरा निळ्याकडे नेला. "हां. पन हे वरचं कोवळं हाय, ह्याला वेगळा दे. कोवळ्याचा हिरवा पिवळ्यातून येतो, जुन्याचा काळ्यातून." इतकी वर्षं मी रंगांशी खेळत होते आणि हिरव्याचं घर दोन बाजूंनी उघडतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन तास आम्ही एकेक पान घेतलं. मुंग्या लॅपटॉपवर चढत होत्या, काकूंनी दोनदा चहा आणला, आणि शेवटी काका पान स्क्रीनला लावून म्हणाले, "आता झाली माझी वाडी."

काम खरोखर चोख होतं. असा फोटो मी आधी केला नव्हता. नयनाने तो सगळ्या ग्रुपवर पाठवला, खाली लिहिलं की आधीचा फोटो एडिट केलेला होता, खरा हा आहे.

कुणीही विश्वास ठेवला नाही. "आता रंग मारलाय," असं गावात बोललं जाऊ लागलं. पहिला फोटो कुणी तपासला नव्हता, तो बघितला आणि खरा धरला. दुसरा मात्र प्रत्येकाने मोठा करून करून बघितला आणि पानांच्या कडांवर माझी बोटं शोधली. पास्कलकाकांकडून काहीच आलं नाही. मी चिडले, पण चिडून सांगणार कुणाला? रंग मारते ही माझी ख्याती मीच कमावलेली होती. मी कितीही खरं बोलले तरी ते माझ्या हातून आलं म्हणून खोटं ठरत होतं, आणि पुढचा फोटो काढून ते सुधारणार नव्हतं.

नोव्हेंबर उजाडला. भात कापून झालं, शेतांत पेंढ्या उभ्या राहिल्या, हवेत सकाळी गारठा आला. मी त्या दिवसांत पुष्कळ लग्नं केली, पुष्कळ हिरवा मारला, पण दर वेळी हात त्या ठिपक्यावर जरासा थांबायचा. मागे काय आहे, कुणाचं आहे, हे आधी विचारायचं, अशी एक सवय तेव्हा लागली ती लागलीच. शेताचा मालक शेजारी उभा असेल तर मी आजही विचारते, "पिकाला कोणता रंग चालेल?" लोकांना वाटतं मी गंमत करते आहे.

लग्न वसईतल्या हॉलवर होतं, पण हळदीच्या दिवशीचं जेवण घरच्या अंगणात. नयनाला तिथेही बुफे हवा होता. काका ऐकेनात. पंगत बसणार, आणि पानांवर बसणार. "पानं विकत आणू या मग, बाजारात मिळतात," नयना म्हणाली. मी हळदीचे फोटो काढायला सकाळी लवकर पोचले तेव्हा काका कोयता घेऊन वाडीत होते आणि पानं कापत होते, तीही राजेळीची, घड धरलेल्या केळींची. घड वाढत असताना केळीची पानं कुणी कापत नाही, फळ बारीक राहतं. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. "ह्यांना आज काय झालंय," त्या पुटपुटल्या, पण अडवायला गेल्या नाहीत.

हळद लागली, गाणी झाली, नयना पिवळीजर्द होऊन हसत सुटली. मग अंगणात टेबलं लावून पानं मांडली गेली. पहिल्या पंगतीला गावातली मोठी माणसं बसली. पास्कलकाका आले होते, लग्नाचं आमंत्रण ते चुकवणार नव्हते. कडक पांढरा शर्ट, केस तेल लावून बसवलेले. हरीकाकांनी त्यांना हाताला धरून मधल्या खुर्चीवर बसवलं आणि बाजूला झाले.

मी समोर कॅमेरा घेऊन उभी होते. लोक पानावर पाणी शिंपडतात, हाताने पुसतात, हे मी हजार वेळा बघितलंय. पास्कलकाकांनी पाणी घेतलं नाही. त्यांनी पान उचललं आणि उलटं केलं. करपा आधी पानाच्या पाठीवर दिसतो, बारीक रेघांनी. त्यांनी अंगठा देठापासून टोकापर्यंत फिरवला, पान उन्हाकडे धरलं, त्यातून बघितलं. डाव्या बाजूच्या म्हाताऱ्याने आपलं पान उलटं केलं. मग समोरच्याने. सगळी पंगत आपापलं पान पालथं करून बघत होती आणि वाढपी भाताची परात घेऊन ताटकळत उभा होता.

पास्कलकाकांनी पान सुलटं केलं, खाली ठेवलं, त्यावर पाणी शिंपडलं. "वाढ रे," ते म्हणाले.

ते सावकाश जेवले. वालाचं बिरडं दोनदा घेतलं, पान स्वच्छ केलं. हात धुवायला बावखलाकडच्या नळावर गेले, तिथे हरीकाका टॉवेल घेऊन उभे होते. मी मागेच होते.

"हरी," पास्कलकाका हात पुसत म्हणाले, "मुनवे संपले असतील ना सगळे?"

"बाकी कोनी आलं नाय."

"मग?"

"बाकीचे काढून टाकले. तुझे ठेवलेत."

ते त्यांना वाडीत घेऊन गेले. एका कोपऱ्यात राजेळीच्या बुडाशी मुनवे तसेच उभे होते, महिनाभर जास्तच वाढलेले. ते वेळेत काढले नाहीत तर मूळ झाडाचं बळ खातात, आणि त्या झाडाचा घड खरंच बारीक राहिला होता. पास्कलकाकांनी घडाकडे बघितलं, मग मुनव्यांकडे. "येड्या, काढून टाकायचेस ना. मी नाय म्हनून सांगितलं होतं तुला."

"तू सांगितलंस," हरीकाका म्हणाले. "तुझे मुनवे मी कोनाला देऊ?"

मी कॅमेरा वर केला नाही. हळदीच्या गर्दीत पाहुणे खोळंबले होते, नयना मला हाका मारत होती, आणि हे दोन म्हातारे चप्पल काढून मातीत बसून पहार चालवत होते. सहा मुनवे निघाले. हरीकाकांनी हात झटकले आणि म्हणाले, "थांब, मांडवाचा टेम्पो उभा हाय दारात. घरी पोचवतो."

"टेम्पो नको." पास्कलकाकांनी तीन मुनवे उचलून एका खांद्यावर घेतले, तीन दुसऱ्या. तुटलेल्या कंदांतून चीक त्यांच्या कडक पांढऱ्या शर्टावर ओघळला. केळीचा चीक कपड्यावरून जन्मात जात नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ते अंगणातून, जेवणाऱ्या दुसऱ्या पंगतीच्या मधून, सरळ दाराकडे निघाले.

"अरे, शर्ट गेला तुझा!" हरीकाका मागून ओरडले. "गल्लीतून असा जानार? सगळे बघतील."

"त्यासाठीच चाललोय," पास्कलकाका म्हणाले, आणि भुईगावच्या भरल्या गल्लीत शिरले.